शटरचे बटण, बोट आणि ट्रायपॉडची थरथर

ट्रायपॉडवर बसवलेला कॅमेरा हलत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ट्रायपॉडचे पाय, मधला दांडा, वरचे डोके आणि लांबलचक लेन्स मिळून एक लवचीक रचना तयार होते आणि तिला जरासा धक्का लागला तरी ती काही काळ थरथरत राहते. हा धक्का बहुतेक वेळा छायाचित्रकार स्वतःच देतो, आणि तोही शटरचे बटण दाबताना, म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी.

किती हालचाल पुरते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर आडव्या ओळीत ६,००० पिक्सेल असतील, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ६ मायक्रोमीटर येतात. २०० मिमीची लेन्स लावून दूरची वस्तू टिपत असताना प्रतिमा एवढी सरकण्यासाठी कॅमेरा सुमारे ६ विकला, म्हणजे एका अंशाचा सहाशेवा भाग, कलला तरी पुरे. बैठकीपासून १० सेंमी पुढे असलेले लेन्सचे तोंड त्या वेळी फक्त ३ मायक्रोमीटर खाली गेलेले असते. माणसाच्या केसाची जाडीही साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर असते. बोट कितीही हलके असले तरी ते याहून जास्त हालचाल करणारच. शिवाय बटण कॅमेऱ्याच्या उजव्या टोकाला आणि किंचित पुढे असल्यामुळे दाबताना कॅमेरा बाजूलाही झुकतो आणि पुढेही. बाजूच्या झुकण्याने चित्राचे कोपरे थोडे फिरतात, मध्य मात्र जागेवर राहतो. पुढे झुकण्याने संपूर्ण प्रतिमाच सरकते आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ती अधिक सरकते. टेलिफोटो लेन्स वापरणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो, तो यामुळे.

यावरचा उपाय म्हणजे बोट कॅमेऱ्यापासून दूर नेणे. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांच्या बटणात आटे असत आणि त्यांत केबल रिलीज बसवता येई. लवचीक आवरणातून जाणारी तार एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाची बारीक काडी शटर सोडत असे, आणि मधली केबल सैल असल्याने हाताची हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नसे. आजच्या तारेच्या रिमोटमध्ये दाब पोहोचवायचाच नसतो. बटण अर्धे दाबले की एक विद्युत संपर्क जुळतो आणि फोकस होतो, पूर्ण दाबले की दुसरा जुळतो आणि शटर उघडते. इन्फ्रारेड रिमोटला कॅमेऱ्याचा संवेदक समोर दिसावा लागतो आणि भर उन्हात तो दगा देऊ शकतो. रेडिओलहरींच्या रिमोटला ही अडचण नसते. हाताशी यांपैकी काहीही नसेल, तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर बरेचसे तेच काम करतो. वीज चमकण्यासारखा नेमका क्षण पकडायचा असेल, तेव्हा मात्र तो निरुपयोगी ठरतो.

बोट दूर गेले म्हणजे सगळी थरथर गेली, असे मात्र नाही. लेन्समधून आलेले दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्यात शटर उघडण्यापूर्वी आरसा झटक्यात वर जाऊन आदळतो आणि हा धक्का रिमोटने टळत नाही. त्यासाठी आरसा आधीच वर उचलून ठेवण्याची सोय असते: रिमोटचे बटण एकदा दाबून आरसा वर घ्यायचा, कंप शमेपर्यंत थांबायचे आणि मग दुसऱ्यांदा दाबून शटर सोडायचे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसला तरी शटरच्या पडद्याचा हादरा उरतो. तो टाळण्यासाठी शटर उघडणाऱ्या पहिल्या पडद्याचे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करून घेता येते.

रिमोटची खरी गरज कधी पडते, हे शटर किती वेळ उघडे राहते यावर ठरते आणि इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वेळ जितका जास्त, तितका धोका जास्त, असे वाटणे साहजिक आहे. समजा, धक्क्यानंतरचा कंप अर्ध्या सेकंदात शमतो आणि त्याचे एक आंदोलन सेकंदाच्या दहाव्या भागात पूर्ण होते. शटर १/१००० सेकंदच उघडे असेल, तर त्या अवधीत आंदोलनाचा शंभरावा भागच घडतो आणि प्रतिमा फारशी सरकत नाही. ते ३० सेकंद उघडे असेल, तर कंपाच्या काळात पडलेला प्रकाश एकूण प्रकाशाच्या साठाव्या भागाएवढाच भरतो, त्यामुळे त्याचा फराटा सहसा दिसत नाही. अपवाद फक्त प्रखर दिव्यांचा आणि तेजस्वी ताऱ्यांचा. शिवाय याहून लांब एक्स्पोजर बल्ब मोडवर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवून, घ्यायचे झाल्यास रिमोटचे बटण अडकवून ठेवण्याची सोय वेगळ्याच कारणाने लागते, कारण अनेक मिनिटे बोटाने बटण दाबून धरणे कोणालाच परवडणारे नाही. सर्वांत घातक पट्टा मधला, साधारण १/६० सेकंदापासून एका सेकंदापर्यंतचा. शटरच्या उघडझापीचा निम्मा किंवा त्याहून अधिक काळ त्यात कंपानेच व्यापलेला असतो. संध्याकाळची निसर्गदृश्ये आणि जवळून टिपलेली फुले बहुधा याच पट्ट्यात येतात, आणि रिमोट बाळगण्याचा कंटाळाही नेमका तेव्हाच केला जातो.

वाऱ्यावर रिमोटचा इलाज चालत नाही. मधला दांडा खाली घेणे आणि कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा काढून ठेवणे यांचा तिथे अधिक उपयोग होतो. तारेचा रिमोट असेल तर त्याची तारही ताणलेली नसावी, नाहीतर हाताची हालचाल तिच्यावाटे पुन्हा कॅमेऱ्यात शिरते.

रिमोट वापरताना डीएसएलआरमध्ये आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला नसल्यामुळे मागून आत शिरणारा प्रकाश आतल्या प्रकाशमापकापर्यंत पोहोचतो, मापकाला दृश्य आहे त्यापेक्षा उजळ वाटते आणि स्वयंचलित मोडवर छायाचित्र काळपट येते. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर कित्येकदा रबराची एक लहानशी चौकोनी टोपी ओवलेली असते. अनेकांना तिचा उपयोग वर्षानुवर्षे उमगत नाही. ती अशा वेळी व्ह्यूफाइंडरवर बसवण्यासाठी दिलेली असते.