चार स्लॉट, चार स्टिक: हा हट्ट कशाला?

मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट दिसले की चारही भरायचे, म्हणजे मेमरी दुप्पट वेगाने चालते, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डवर स्लॉट चार असले तरी मेमरी चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधले डेटाचे मार्ग, दोनच असतात. प्रत्येक चॅनलच्या वाट्याला दोन स्लॉट. दोन स्टिक (रॅमच्या पट्ट्या) योग्य जागी बसवल्या की दोन्ही चॅनल कामाला लागतात. आणखी दोन लावल्याने क्षमता वाढते, चॅनल वाढत नाहीत. डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅममध्ये चार सिंगल-रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकचा कधीकधी किंचित फायदा दिसतो, हे खरं. बहुधा समजाला बळ तिथूनच मिळालं असावं.

डीडीआर५ या त्यानंतरच्या पिढीत मात्र चित्र उलटं होतं. चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो आणि वेग उतरतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत वेग सेकंदाला ५२०० मेगाट्रान्सफर आहे, चार लावल्या तर ३६००! त्यामुळे ३२ जीबी हवी असेल तर १६ च्या दोन घ्या, आठच्या चार नकोत.

त्या दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. तरी मॅन्युअल पाहाच. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा छापील वेग लागू करणारं प्रोफाइल चालू करा, नाहीतर खोक्यावर छापलेला वेग सहसा खोक्यावरच राहतो.