जमीन कुणाची, मुलं कुणाची

ऑस्ट्रेलियातल्या अनेक बालकेंद्रांत सकाळी मुलं गोल करून बसतात. तळहात जमिनीला टेकवायचे, मग आभाळाकडे न्यायचे, मग छातीशी. मेलबर्नच्या बऱ्याच भागांत यावेळी वुरुंजेरी या मूळनिवासी लोकांचं नाव घेतात, कारण जमीन मुळात त्यांची. तिथल्या मराठी घरांत नातवंडाच्या तोंडी हे नाव आलं की आजीला 'पादस्पर्शं क्षमस्व मे' आठवणारच. पण तिथे आपण क्षमा मागतो ती पृथ्वीची. इथे नाव माणसांचं आहे.

इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, असं तिथला कायदा दोन शतकं धरून चालला. ३ जून १९९२ रोजी हाय कोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, माबो खटल्यात ते खोडून काढलं. जमिनीसाठी हा खटला लढणारे एडी माबो निकाल ऐकायला नव्हते. जानेवारीतच वारले होते.

मूळ लोकांनी आपल्या भूमीवर पाहुण्यांचं जाहीर स्वागत करायची आजची रीत त्याहून जुनी. १९७६ साली पर्थमध्ये माओरी आणि कुक बेटांवरचे नर्तक अडून बसले: इथल्या मूळ लोकांनी स्वागत केल्याशिवाय नाचणार नाही. तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या मूळनिवासी कलाकारांनी स्वागत बसवलं. संसदेला ते सुचायला १२ फेब्रुवारी २००८ उजाडला. स्वागताचा मान त्या भूमीच्या लोकांचाच. इतरांनी फक्त ऋण मान्य करायचं.

बालकेंद्रात ऋण मान्य करण्याच्या या चार ओळींना वेगळं वजन येतं, कारण साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारने मूळनिवासी मुलं घरांतून उचलून नेली ती 'कल्याणा'च्याच नावाखाली. न्यू साउथ वेल्समधल्या किंचेला वसतिगृहात मुलांना नावाऐवजी नंबराने हाक मारत. १९९७ च्या चौकशी अहवालाने अंदाज दिला: दहातल्या एकापासून तिघांतल्या एकापर्यंत मुलं आईबापांपासून तोडली गेली. पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली १३ फेब्रुवारी २००८ रोजी, म्हणजे त्या पहिल्या स्वागताच्या दुसऱ्या दिवशी.

अशा नेलेल्या कित्येक मुलांना आपली जन्मतारीखही ठाऊक नव्हती. त्यांचा सगळ्यांचा मिळून वाढदिवस ४ ऑगस्टला करत. १९८८ पासून तोच दिवस तिथल्या मूळनिवासी मुलांचा राष्ट्रीय दिवस आहे, आणि केंद्रांतही तो साजरा होतो.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'मूल मूळनिवासी आहे का?' असा रकाना असतो. ज्या आजीच्या घरातून एकदा मूल नेलं गेलं, तिचा हात तिथे अडखळतो.