नेच्यांच्या बीजाणूंवरची नक्षी: वर्गीकरणातल्या एका पुराव्याची पार्श्वभूमी

नेच्यांना (फर्नना) ना फूल, ना बी; ते वाढतात धुळीसारख्या बारीक बीजाणूंपासून. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्यांची वाटणी केली ती मुख्यतः पानामागच्या बीजाणुधानींच्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांच्या, ठिपक्यांवरून. पुढे ठिपक्यांवरचे झाकण, पानांच्या शिरा, खोडावरचे खवले यांचीही भर पडली. पण ही लक्षणे एकमेकांशी जुळेनात. ‘पॉलिपोडिएसी’ हे कुळ तर कित्येक दशके अडगळीची खोलीच होते.

बीजाणूंची एक खूण आधीपासून माहीत होती. एका मातृपेशीतून चार बीजाणू होतात आणि ते एकमेकांना कसे चिकटलेले होते त्यानुसार अंगावर तीन फाट्यांची किंवा एका सरळ रेघेची खूण राहते. नक्षीचे मात्र अवघड होते. कण जेमतेम 20 ते 60 मायक्रोमीटरचा. त्यात परागकणांसाठी त्यांचा अभ्यासक एर्टमनने रूढ केलेल्या आम्लप्रक्रियेत नेच्यांच्या बीजाणूचे सर्वांत बाहेरचे आवरण बरेचदा निघून जाई, आणि बहुतेक नक्षी असते ती त्यावरच!

1965 मध्ये स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाजारात आला आणि काटे, कंगोरे, जाळ्या, पंखांसारख्या घड्या लख्ख दिसू लागल्या. अ‍ॅलिस ट्रायॉन आणि बर्नार्ड लुगार्दाँ यांनी 1991 मध्ये जगभरच्या प्रजातींचे बीजाणू एका ग्रंथात मांडले. आजही तुलनेला तोच काढला जातो.

तरी नक्षीवर किती विसंबायचे, हा प्रश्न उरलाच. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळच्या समुद्रगुहेतला सिस्टॉप्टेरिस डिकिआना हा नेचा 1848 मध्ये वेगळी जाती ठरला. नेहमीच्या सिस्टॉप्टेरिस फ्रॅजिलिसचे बीजाणू काटेरी, याचे नुसते सुरकुतलेले. पण एवढ्यावरून वेगळी जाती मानावी का, यावर अजून एकमत नाही.

मोठा धक्का डीएनएने दिला. ग्रामिटिड या गटातल्या नेच्यांचे बीजाणू हिरवे आणि तीन फाट्यांच्या खुणेचे, म्हणून त्यांचे कुळ स्वतंत्र धरले जाई. प्रत्यक्षात ते सरळ रेघेच्या बीजाणूंच्या पॉलिपोडिएसीमध्येच निघाले. म्हणजे तीन फाट्यांची खूण तिथे नव्याने परतली होती. आता आधी डीएनएवरून वंशवृक्ष बांधतात आणि मग कोणती नक्षी कुठे, किती वेळा उपजली ते त्यावर तपासतात. मला हाच क्रम रास्त वाटतो.

जीवाश्मांत ही सोय नाही. क्रेटेशियस काळातल्या, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातल्या, खडकांत कंगोरेदार बीजाणू मुबलक सापडतात. असे कंगोरे आजच्या अ‍ॅनेमिया नावाच्या नेच्याच्या बीजाणूंवर आहेत, तसेच दूरच्या कुळातल्या सेराटॉप्टेरिसवरही. त्यामुळे नुसत्या कंगोऱ्यांवरून नाव देता येत नाही. बीजाणूच्या भिंतीचे थर आणि जमल्यास बीजाणुधानीसकट टिकलेले पानही पाहावे लागते.