कपड्यातलं तीन लिटर पाणी जातं कुठं? छोट्या युटिलिटीत ड्रायर बसवायच्या आधी

मिरग लागला की बेळगावात घराघरात एकच रड सुरू होते, कपडे वाळतच न्हाईत की वो. टिळकवाडी, अनगोळच्या फ्लॅटमध्ये किचनच्या मागं चार बाय सहाची युटिलिटी असते, तिथंच वॉशिंग मशीन, तिथंच भांड्यांचं सिंक, काही घरांत गॅस गिझरपण तिथंच, आणि वर दोऱ्यांवर तीन-तीन दिवस लोंबणारे टॉवेल. म्हणून आता बरेच जण ड्रायर घ्यायला निघालेत. दुकानात किती किलोचा, केवढ्याला, हप्ता किती एवढं विचारतात, पण कपड्यातून निघालेलं पाणी जाणार कुठं हे कुणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की मशीन त्यावरच ठरवावं.

जरा हिशोब करू. पाच किलो सुती कपडे धुवून मशीनमध्ये पिळून काढले तरी त्यात साधारण तीन लिटर पाणी उरतं. आता 22 डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 19 ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता 90 टक्के असली तर त्यातले 17 ग्रॅम आधीच भरलेले असतात, म्हणजे शिल्लक जागा दोनच ग्रॅमची. तीन लिटर म्हणजे तीन हजार ग्रॅम, ते सामावून घ्यायला दीड हजार घनमीटर हवा कपड्यांवरून जायला पाहिजे, आणि आपल्या युटिलिटीत हवा असते जेमतेम सात घनमीटर. मग खिडकी लावून दोरीवर टाकलेले कपडे वाळणार कसे? ते तसेच दमट राहतात, त्यात मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू वाढतो, आणि धुतलेल्या कपड्यांनाही तो कुबट वास येतो. परत साबण लावून धुतलं तरी वास परत येतो कारण जीवाणू धाग्यात टिकून असतात, लवकर वाळवणं हाच त्यावर खरा इलाज.

हा प्रश्न सगळ्या जिल्ह्याला सारखा नाही हे पण सांगायला पाहिजे. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं पाऊस धो धो पडतो, आणि त्याच जिल्ह्यात अथणी, रायबाग पर्जन्यछायेत. अथणीकडं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन पैसे ठेवा, गच्चीवरची दोरी बास आहे. खानापूरला किंवा बेळगाव शहरात बाळाचे कपडे असतील, घरात म्हातारी माणसं असतील, तर मात्र ड्रायर चैनीची वस्तू नाही.

आता वीज. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.67 युनिट लागतं, हा निसर्गाचा दर आहे, कुठल्याही कंपनीला तो कमी करता येत नाही. म्हणून ड्रायरमध्ये टाकायच्या आधी जेवढं पाणी पिळून काढाल तेवढं स्वस्त, कारण पिळायला अगदी नगण्य वीज लागते. मिनिटाला 800 फेऱ्यांवर पिळलं तर सुती कपड्यात त्यांच्या वजनाच्या साधारण 70 टक्के पाणी उरतं, 1400 फेऱ्यांवर 50 टक्क्यांच्या आसपास. पाच किलोवर हा फरक पूर्ण एक लिटरचा झाला! फेऱ्या जवळपास दुप्पट केल्या की बाहेर फेकणारा जोर तिप्पट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळं वॉशिंग मशीनपण घ्यायचं असेल तर जास्त स्पिनवालं घ्या, ते पैसे ड्रायरच्या बिलात वसूल होतात.

ड्रायर तीन जातीचे. व्हेंटेड, म्हणजे हिटरनं हवा तापवायची, कपड्यातून फिरवायची आणि ओली हवा पाईपनं बाहेर सोडायची. कंडेन्सर, म्हणजे तीच ओली हवा मशीनमध्येच थंड करून पाणी टाकीत गोळा करायचं, पण उष्णता मात्र खोलीत सुटते, खोली भट्टीसारखी तापते. आणि तिसरा हीट पंप, तो मला सगळ्यात हुशार वाटतो. त्यात कॉम्प्रेसर असतो. ओली हवा थंड कॉइलवरून गेली की वाफेचं पाणी होतं, आणि वाफ करताना आपण जी उष्णता खर्च केली होती ती सगळी त्या क्षणी परत सुटते. हीट पंप ती उष्णता पकडतो, गरम कॉइलकडं नेतो आणि तीच हवा परत तापवून कपड्यांत सोडतो. म्हणजे 0.67 युनिटचा तो दर भरायचा तर भरायचा, पण भरलेली उष्णता परत वापरायची. त्यामुळं पाच किलोच्या लोडला व्हेंटेडला तीन-साडेतीन युनिट लागतात तिथं हीट पंपला सव्वा ते दीड. वेळ जास्त लागतो, किंमतही जास्त, पण कपडे कमी तापतात म्हणून टिकतात.

आपल्याकडं याला अजून एक बाजू आहे, गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना. 200 युनिटच्या वर गेलं की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. रोज एक लोड काढला तर व्हेंटेडचे महिन्याला शंभरेक युनिट होतात, हीट पंपचे चाळीस-पंचेचाळीस. ज्या घरात 130-140 युनिट आधीच जळतात तिथं पूर्ण बिल भरावं लागतं की फक्त घराला ठरवून दिलेल्या मोफत युनिटच्या वरचं, ते नुसत्या मशीनच्या निवडीवर ठरतं.

आता बसवणं. व्हेंटेड मशीन तासाला 150 घनमीटर तरी हवा बाहेर फेकतं, म्हणजे सात घनमीटरच्या युटिलिटीतली हवा तासात वीसेक वेळा बदलणार. ती हवा आत यायला वाट नको? दाराच्या खाली जाळी पाहिजे, नाहीतर मशीन धापा टाकतं आणि कपडे ओलेच राहतात. आणि हे नीट वाचा, त्याच खोलीत गॅस गिझर असेल तर व्हेंटेड ड्रायर बसवूच नका. बंद खोलीतली हवा ड्रायर ओढून घेतो, दाब कमी होतो, आणि गिझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळत नाही. खरं तर ड्रायर नसला तरी गॅस गिझर बंद जागेत नसावा.

पाईप चार इंची, धातूचा, शक्य तेवढा सरळ आणि आखूड. प्रत्येक एल्बोला, म्हणजे पाईपच्या वळणाला, हवा अडते आणि तिथं लिंट, म्हणजे कपड्यातून सुटलेले बारीक तंतू, साचतं. बाहेरच्या तोंडाला झडप लावा, बारीक जाळी नको, ती लिंटनं भरते. शेजाऱ्यांच्या खिडकीकडं तोंड करू नका, भांडण होतं. हीट पंपला पाईप नको, टाकी रिकामी करायची किंवा नळी सिंकमध्ये सोडायची, पण खोली 35 डिग्रीच्या वर गेली तर तो मंदावतो म्हणून दार उघडं ठेवा, आणि आणल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करा, आडवा आणला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल खाली बसायला पाहिजे. टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, त्यात लिंट आणि साबणाचा अंश असतो. फरशी पुसायला चालतं.

जागा नसेल तर फ्रंट लोडवर स्टॅकिंग किट लावून वर बसवता येतो, दोन्ही मिळून उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास, टॉप लोडवर हे जमत नाही. हिटरवाल्याला 16 अँपिअरचा सॉकेट, वेगळा एमसीबी, शक्यतो चार स्क्वेअर एमएमची वायर, अर्थिंग तपासलेलं. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. करंट गेला तर घरचा साधा इन्व्हर्टर तो ओढणार नाही.

वडगाव-शहापूरच्या मागावरच्या साड्या आत टाकू नका, रेशीम बिघडतं. लिंटची जाळी दर लोडला साफ करा, लिंट म्हणजे सुका कापूसच, ठिणगी मिळाली की पेटतो. आणि तेलाचे फडके कधीच नको, विशेषतः करडईच्या, जवसाच्या तेलाचे. या तेलांची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होते आणि त्यातून उष्णता निघते, धुतलं तरी धाग्यात तेल उरतंच, ड्रायरमधून काढलेल्या गरम ढिगात ती उष्णता कोंडते आणि तासाभरानं सुद्धा ढीग आपोआप पेटू शकतो. असे फडके दोरीवरच वाळवा, आणि बाकीचे कपडे ड्रायर थांबला की लगेच बाहेर काढून पसरून ठेवा.