"लहान आहे, विसरेल" हे खरं नाही

"पोरांना काय कळतंय, मोठी झाली की विसरतात" असं चिडवण्या-हिणवण्याबद्दल गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत सगळेच म्हणतात पण ते चूक आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने ३ ते ७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली म्हटली, आणि "तुझ्यासारखी कुठली" विचारल्यावर काहीजण रडले. केवढीशी मुलं ती!

माझी भाची जन्मली म्हापशात, पण आईबाबा कोल्हापूरचे म्हणून पहिलीत तिला पोरं "घाटी" (म्हणजे घाटापलीकडची, बाहेरची) म्हणून हिणवायची. कोणी चिडवतंय असं तिने घरी कधी सांगितलं नाही, फक्त आईने गेटवर मराठीत हाक मारली की मान खाली घालायची, आणि आम्ही समजलो लाजाळू आहे.

पुढे उलटंही होतं बरं का. नाकारलेलं माणूस कधीकधी आपल्या लोकांना जास्तच घट्ट धरतं, १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅन्सकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. आता बारावीत भाची जत्रेतल्या मराठी नाटकात हट्टाने काम करते, आणि चिडवणाऱ्या त्या दोघांची नावं अजून पटकन सांगते.