दूरदर्शी नेतृत्व : कोकणातील व्यवसायांच्या संदर्भात

दूरदर्शी नेतृत्व म्हणजे व्यवसायाचा आजचा गल्ला सांभाळत असतानाच दहा-वीस वर्षांनी तो कुठे पोहोचायला हवा हे ओळखणारे, ते बरोबरच्या माणसांना पटवून देणारे आणि त्यासाठी आज पदरमोड सोसणारे नेतृत्व. अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये देवघेवीवर चालणारे नेतृत्व आणि माणसांत बदल घडवणारे नेतृत्व असा भेद केला. बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये तो विचार संस्थांच्या कारभाराला लावून दाखवला. दूरदर्शी नेतृत्वाची कल्पना यातल्या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे.

कोकण किनाऱ्यावर तिची गरज अधिक भासते, कारण इथल्या धंद्यांना मुळातच वेळ लागतो. काजूचे कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरू लागते, हापूसला विकण्याजोगे पीक यायला पाच-सहा वर्षे जातात. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर कलमे लावणाऱ्यांना त्या वर्षी दाखवायला फक्त खड्डे होते. कातळावर तर सुरुंग लावून खड्डा काढायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि उन्हाळाभर पाणी घालायचे. घरच्यांचा आणि गड्यांचा धीर इतकी वर्षे टिकवून धरणे, हेच बागायतदाराचे नेतृत्व.

बाग उभी राहिल्यावर कसोटी आणखी कठीण होते. हापूस साधारणपणे वर्षाआड फळतो. दरवर्षी फळ यावे म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोल या, झाडाची पालवी रोखून मोहोर आणणाऱ्या वाढनियंत्रकाची शिफारस केली. ते पावसाळ्यात, झाडाच्या विस्ताराचे माप घेऊन, मुळांच्या कक्षेत द्यायचे असते आणि त्याबरोबर खतही वाढवावे लागते. दोन-तीन वर्षांच्या कराराने बाग घेणारा पुष्कळदा हे औषध वाढवतो आणि खताला हात आखडता घेतो. पेट्या भरतात, पण मुदत संपताना मालकाच्या हाती थकलेली, फांद्या वाळत चाललेली झाडे येतात. जाणता मालक करारातच खत आणि औषधाची मात्रा लिहून घेतो, रक्कम थोडी कमी मिळाली तरी चालवून घेतो आणि पावसाळ्यात स्वतः बागेत फेरी मारतो. विक्रीतही तेच. वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून हंगामाआधी उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो आणि बागायतदाराला जी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईल ती मान्य करावी लागते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावण्याचा हक्क, मिळाले. ज्यांनी नोंदणी करून पेटीवर स्वतःचे नाव छापले आणि गिऱ्हाईक जोडले, त्यांनी या मानांकनाचे खरे चीज केले.

मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे नेतृत्व ई. श्रीधरन यांच्याकडे होते. बराचसा पैसा रोख्यांतून उभा करून सह्याद्रीच्या पायथ्याशी बोगदे आणि पूल बांधले गेले आणि १९९८ मध्ये सबंध मार्ग खुला झाला. १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. रस्त्यावरच्या स्पर्धकालाच गिऱ्हाईक करण्याची ही युक्ती आजही अभ्यासण्यासारखी आहे.

मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण लहान आहे, पण मनाला अधिक भिडते. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी ती उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. जाळीच्या कुंपणात अंडी पुन्हा पुरतात, वर टोपली उपडी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची. खाली पिल्ले दिसली की ती किनाऱ्यावर सोडायची, आणि ती सरपटत लाटेकडे निघतात. पुढे हे पाहायला पाहुणे येऊ लागले, गावकऱ्यांनी घरातल्या खोल्या आणि घरचे जेवण त्यांना देऊ केले. सुरुवातीला यात कमाईची शाश्वती नव्हती. अंड्यांतून लगेच मिळणारे चार पैसे सोडा, असे शेजाऱ्याला सांगणे हे अवघड काम होते, आणि ते कोणीतरी घरोघर जाऊन केले.

नुसती दृष्टी पुरत नाही. रोकड सांभाळली नाही तर वीस वर्षांचा बेत दुसऱ्या पावसाळ्यात बुडतो. कोकणात त्यात सामायिक सातबाऱ्याची भर पडते. उताऱ्यावर अनेक नावे, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि एकाची सही अडली की बँकेचे कर्जही अडते. गणपतीत सगळे भाऊबंद घरी जमतात. अशा वेळी आरती आटोपल्यावर माजघरात जमाखर्चाची वही उघडून कुठल्या कातळावर किती कलमे, कोणाचा वाटा किती, हे लहानथोर सर्वांसमोर मांडणारा एक जण घरात लागतो.