नेपाळ की भूतान? आधी मतदान कार्ड काढून बघा

सोयाबीन घरात आले की आणि पुन्हा उन्हाळी सुट्या लागायच्या तोंडावर आमच्या सहलीच्या ऑफिसात दिवसातून चार वेळा एकच प्रश्न येतो: "भाऊ, नेपाळले जावं का भूतानले?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "स्वस्त कोन्तं?" फोनवर हे समजावून सांगायला अर्धा तास जातो आणि तरी निम्मे राहते. म्हणून हे पत्रक. वाचून आलात तर पुढचे बोलणे पंधरा मिनिटांत आटोपते.

धडपड करायची असेल, म्हणजे ट्रेक, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, बंजी, तर नेपाळ. डोंगर बघायचे, थोडे चढायचे, स्वच्छ गावे आणि शांतता हवी असेल तर भूतान. भूतानमध्ये ६००० मीटरच्या वरच्या शिखरांवर चढाईला १९९४ पासून बंदी आहे आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद आहे. तिथले गांगखार पुएन्सुम हे ७५७० मीटरचे शिखर त्यामुळे अजून कोणी सर केलेले नाही. म्हणजे तिकडे शिखराचा बेत करू नका. ट्रेक मात्र होतात. पारो ते थिंफू हा ड्रुक पाथ पाच-सहा दिवसांचा आहे, पण वाटेत लॉज नाहीत. तंबू, स्वयंपाकी, सामानाला घोडे, सगळे सोबत न्यावे लागते आणि गाइड सक्तीचा. भूतानच्या ट्रेकचा दर जास्त का, याचे एक उत्तर हे आहे.

नेपाळमध्ये अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्टच्या वाटेवर दर दोन-तीन तासांवर टी-हाउस, म्हणजे राहण्या-जेवणाचे छोटे घर, मिळते. खोली स्वस्त, जेवण महाग. आणि जिथे झोपाल तिथेच जेवायचे, हा तिथला रिवाज. जितके वर जाल तितका डाळभाताचा भाव चढतो, कारण तांदूळ खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवर येतो. त्यावरून घासाघीस करू नका.

आता मुख्य गोष्ट. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ ज्यात जातो ती चूक अशी: लोक आधार कार्डावरून तिकीट काढून टाकतात आणि मग आमच्याकडे येतात.

दोन्ही देशांना आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून आधार पुरेल असे सगळ्यांना वाटते. पुरत नाही. मोठ्या माणसाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदान कार्ड, यांपैकी एक मूळ प्रत लागते. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही. भूतानसाठी पासपोर्ट असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. "आमचा साळा सुनौलीच्या सीमेवरून पायी गेला, कोणी विचारलं नाही" असे सांगणारे भेटतील. विमानाच्या काउंटरवर साळा कामी येत नाही.

खरी गाठ नावाची आहे. समजा आधारवर "वंदना सुनील" आणि आडनाव सासरचे, मतदान कार्डावर "वंदना महादेव" आणि आडनाव माहेरचे. तिकीट आधारवरून निघाले. काउंटरवर मतदान कार्ड दाखवले की त्यांच्या लेखी ही दुसरीच बाई. तिकिटावरचे नाव बदलायला कंपनी बहुतेक वेळा तयार नसते; रद्द करून नवे काढावे लागते आणि तोवर दर वाढलेला असतो. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते, कधी पहिले नावसुद्धा बदलते, त्यामुळे दर तीन कुटुंबांत एकीचा तरी घोळ निघतो असे धरूनच आम्ही चालतो. पुरुषांचे कागद निर्दोष असतात असेही नाही: "गजानन"चे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे असते.

दुरुस्तीला मतदार यादीचा नमुना ८ भरावा लागतो. ऑनलाइन भरता येतो, गावच्या बीएलओकडेही (मतदार यादीचे काम बघणारा कर्मचारी) देता येतो, पण नवे कार्ड हातात यायला वेळ लागतो. त्यापेक्षा पासपोर्ट काढा. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० जास्त. पोलीस पडताळणी घरच्या पत्त्यावर येते, त्या दिवसांत शेतावर मुक्कामी असाल तर घरी कोणाला तरी सांगून ठेवा.

लेकरांचे आणि म्हाताऱ्यांचे वेगळे. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना आपल्या सरकारने या दोन देशांसाठी आधार चालवून घेतले आहे. तरी भूतानच्या परमिटसाठी आम्ही या ६५ च्या वरच्यांचा पासपोर्ट किंवा मतदान कार्ड आणि लेकरांचा इंग्रजीतला जन्मदाखला मागतोच. ग्रामपंचायतीचा जुना दाखला काढून बघा. कित्येकदा त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण जन्म बारशाच्या आधी नोंदवलेला असतो. नाव घालून घ्या. १५ ते १८ मधल्या पोरापोरींना मतदान कार्ड मिळतच नाही, त्यांचा सरळ पासपोर्ट काढा.

म्हणूनच मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही तिकीट काढत नाही. काही जणांना राग येतो, "पैसे देतो म्हणतो तरी काढत नाही." पैसे घेऊन चुकीचे तिकीट काढणे सोपे आहे, ते आमच्याकडे होणार नाही.

खर्चाचे. भूतान सरकार भारतीय पाहुण्याकडून माणशी दर रात्री १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. नवरा-बायको आणि दहा वर्षांचे एक लेकरू धरा: रात्रीचे ३०००, पाच रात्रींचे १५,०००. हॉटेल, गाडी, जेवण वेगळे. कोणी भूतानचा फारच कमी दर सांगत असेल तर हे शुल्क त्यात आहे का, ते आधी विचारा.

नेपाळमध्ये असे रोजचे शुल्क नाही. अन्नपूर्णा भागाचे परमिट सार्क, म्हणजे भारतासह दक्षिण आशियातल्या, देशांतल्या लोकांना १००० नेपाळी रुपये. आपला १ रुपया म्हणजे त्यांचा १.६०, बिल ३२०० दिसले तर आपले २०००. दुकानात भाव विचारताना "आयसी की एनसी" हे विचारूनच घ्या, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. सोबत १०० च्या नोटा ठेवा, मोठ्या नोटांवरून वाद होतो. भूतानचा न्गुल्त्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा, तिथे हिशेब सोपा.

जायचे कसे: नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी मिळते, पुढे सुनौली, तिथून अन्नपूर्णा भागातल्या पोखरा शहराची बस एक अख्खा दिवस खाते. भूतानला हावडा गाठायचे, कोलकात्यातल्याच सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा, मग जयगावची सीमा ओलांडून भूतानमधले फुन्शोलिंग. तिथून पारो किंवा थिंफू चार-पाच तास. विमानाने वेळ वाचतो, पण पारोला मोजक्याच ठिकाणांहून विमाने जातात.

महिना पीक बघून ठरवा. आकाश सर्वात मोकळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते. सोयाबीनवाल्यांना नोव्हेंबर जमतो, कापूसवाल्यांचा वेचा तेव्हा ऐन भरात असतो. त्यांनी गहू-हरभरा काढून मार्चअखेर ते एप्रिल धरावा. जून ते सप्टेंबर आम्ही ट्रेक विकत नाही. जळवा परवडल्या, दरडी परवडत नाहीत.

शेवटी उंचीचे, कारण यावरूनही आमच्याशी भांडण होते. "आम्ही दिवसभर वावरात राबतो, आम्हाले काय होते?" राबण्याचा आणि विरळ हवेचा संबंध नाही. आपले चिखलदरा सुमारे ११०० मीटर. नेपाळमधली पून हिल टेकडी ३२१०, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३०, एव्हरेस्ट बेस कॅम्प ५३६४. भूतानमधला कड्यावरचा तक्तसांग मठ सुमारे ३१०० मीटरवर आहे, पण तिथे राहात नाही, रात्री झोपायला खाली पारोला येता, म्हणून त्रास कमी. ३००० च्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम. त्यामुळेच आमच्या एव्हरेस्टच्या सहलीत वाटेतल्या नामचे गावात, ३४४० मीटरवर, दोन रात्री आहेत आणि एकूण सहल पंधरा दिवसांची आहे. दुसरीकडे दहा दिवसांत मिळेल. मधले दिवस कुठून कापले, तेवढे विचारा.

डोके दुखते, मळमळते, झोप नाही: तिथेच थांबा. चालताना तोल जातो किंवा बसल्या जागी धाप लागते: रात्र असली तरी खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी डॉक्टरला विचारूनच. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. विम्यात उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च लिहिला आहे का, ते आम्ही पॉलिसी उघडून दाखवतो.

पहिल्यांदाच जात असाल तर पून हिल घ्या, पोखराहून चार दिवस. त्यात उल्लेरी गावाला तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. चढताना छाती भरते, पण गुडघे बोलतात ते उतरताना. बूट निघायच्या महिनाभर आधी घ्या आणि ते घालून रोज शेतात जा. पायाची नखे कापून ठेवा, नाहीतर उतारावर काळी पडतात. दोघांत सामान वाहणारा एक पोर्टर, माणशी १० किलो. त्यापलीकडचे सामान घरीच ठेवा.

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्याकडे गर्दी असते, इतर दिवशी दुपारी तीननंतर निवांत बोलता येते. येताना घरातल्या सगळ्यांचे मूळ कागद एका पिशवीत घालून आणा. आधारही आणा, पण एकटे आधार आणू नका.